मुका पाळणा

९ फेब्रुवारी २०२५

खताच्या दुकानातून दरवर्षी डायरी मिळते. हे ती आणून माझ्यापुढं टाकायचे आणि म्हणायचे, "लिही काय लिहायचं ते. मला सही बी जड जाती." या वर्षी मी स्वतः जाऊन मागून आणली. महिनाभर ती फडताळात तशीच पडून होती.

आज जावई आले. पूनम बरोबर नव्हती, म्हणजे बोलणं कामाचं होतं. चहा झाल्यावर संपतराव म्हणाले, "मामी, यात्रा सुरू झाल्यात. पाळणा असाच पडला तर गंजून जाईल. एक तर विका, न्हाईतर उभा करू. मी बघतो सगळं."

चिंचेखाली ताडपत्री घालून आकाशपाळण्याचं लोखंड ठेवलंय. भाद्रपदात याच ताडपत्रीची दोरी आवळताना हे खाली बसले. छातीत कळ आली म्हणाले. परत उठले नाहीत.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लग्न होऊन आले तेव्हा मीही घोड्यावर बिऱ्हाड लादून कळपामागून चालले आहे. पुढं राखणीची रानं राहिली नाहीत. यांनी कळप विकला आणि जुना आकाशपाळणा घेतला. भावकी हसली. "म्हस्कू आता माणसं चारणार!" हे म्हणाले, "चारतो की. ही बी वर गेली की बें बें करत्यात."

तेव्हापासून शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या यात्रा म्हणजे आमची राखणीची रानं. इतक्या वर्षांत यांच्या पाळण्यावरून एका माणसालाही खरचटलं नाही. बाकी यांनी मागं काही ठेवलं नाही, हे ठेवलं.

१० फेब्रुवारी

पाळणा विकणार नाही. संपतरावांना तसं कळवलं.

आज लोखंड उघडलं. डबे मुके दिसले. प्रत्येक डब्याच्या तळाला यांनी एकेक घंटी बांधली होती, मेंढराच्या गळ्यातली. कळप विकला तेव्हा गिऱ्हाईक घंट्यांसकट मागत होतं, पण यांनी घंट्या दिल्या नाहीत. हौस होती त्यांना. पाळणा फिरायला लागला की कळप वर चढतोय असं वाटायचं.

त्या घंट्या मीच सोडल्या, दहाव्याच्या आधी. आमच्या घराण्यात कळपाचा धनी गेला की वर्षभर मेंढराच्या गळ्यात घंटी ठेवत नाहीत. कळप तर राहिला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "सोड, पोरी. त्याचा कळप आता त्यो पाळणाच." सगळ्या घंट्या यांच्या मुंडाशात बांधून मी त्यांच्याकडं दिल्या. त्यांनी आपल्या पेटीत ठेवल्या. वर्षश्राद्धाला परत बांधायच्या.

२२ फेब्रुवारी

दौंडकडच्या एका गावात पाळणा उभा राहिला. नारळ मी फोडला नाही, जावयांनी फोडला.

ब्रेकवर महेंद्रभाऊच आहेत, कारेगावचे. पूर्वी कंपनीत प्रेसवर होते. त्या धडधडीत कान गेले तेव्हा काम गेलं, आणि यांनी त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आज मला बघून म्हणाले, "जय भीम, वहिनी. म्हस्कूदादाची जागा मोकळी मोकळी वाटती." मीही ओरडून "व्हय" म्हणाले आणि सगळ्या यात्रेला ऐकू गेलं.

त्यांची जागा म्हणजे इंजिनाजवळचा लाकडी ठोकळा. पाळण्याकडं पाठ करून, डोळे मिटून, मान खाली घालून बसायचे. लोक म्हणायचे, मालक झोपला. मीसुद्धा एकदा चिडून बोलले होते, "माणसं वर जीव मुठीत धरून बसल्यात आन् तुम्ही डुलक्या काय घेताय?" ते नुसतं "हूं" म्हणाले. मध्येच कधीतरी न बघताच हात वर करायचे, महेंद्रभाऊ ब्रेक लावायचे, आणि हे ग्रीसचा डबा घेऊन उठायचे. फेरे मनात मोजत असतील असं मला वाटायचं.

संपतरावांनी दोन मोठे स्पीकर आणि रंगीत लाइट आणलेत. यांना गाणी चालत नसत. "गाणं ऐकायचं तर तमाशाला जा" म्हणायचे. आज गाण्यांमुळं गर्दी जास्त झाली, हे खरं. संपतराव म्हणाले, "मामी, मामांचा काळ गेला. आता पब्लिकला धिंगाणा लागतो." तेही खरं असेल. जावयाला काय बोलणार?

२४ फेब्रुवारी

तिकिटाच्या खिडकीतून माणसं वाचायला मिळतात. वर जाताना सगळी माणसं तोंड वाकडं करतात आणि उतरताना हसतात. कंपनीतली बिहारची चार पोरं एका डब्यात बसली आणि वरून फोनवर आईला गाव दाखवत होती. "देखो अम्मा, गन्ना, गन्ना, सब गन्ना!" एका म्हातारीला नातवंडांनी बळंच बसवलं. उतरल्यावर ती म्हणाली, "मरायच्या आधी वरची वाट बघून आले, आता भ्या न्हाई."

एक बाई दरवर्षी येते, नाव माहीत नाही. तिनं विचारलं, "घंट्या का काढल्या हो? त्या आवाजासाठीच बसते मी." मी कपाळाकडं बोट केलं. ती पैसे उरले होते ते न घेताच गेली. मी तिला हाक मारली, पण गाण्यात ऐकू गेलं नाही.

५ मार्च

घरी. दोन यात्रांच्या मध्ये सुट्टी.

शिरूरच्या वाचनालयातून पुस्तक आणलंय. दुसरीत शाळा सुटली, त्यानंतरचं सगळं वाचन मी भेळीच्या कागदावर शिकले. यात्रेत हे मुद्दाम भेळ आणायचे आणि कागद नीट फाडून आणायचे. पुष्कळ गोष्टींचा शेवट मला अजून माहीत नाही.

दुपारी पडले होते तर सासूबाईंच्या खोलीतून घंटी वाजल्यासारखं झालं. एकदा, मग थांबून परत. मी हाक मारली. त्या आतून म्हणाल्या, "उंदीर झालाय पेटीत." उंदराचं औषध आणायला हवं.

१६ मार्च

आज एक बाई उतरली ती तरातरा खिडकीवर आली. "तुमच्या पाळण्याला हिसका बसतो! वर गेल्यावर एकदम! माझी मान आखडली." संपतराव हसून म्हणाले, "ताई, हिसक्यासाठीच तर माणूस बसतो. त्यो पलीकडचा होडीवाला कोलंबस बघा, तिथं तर आतडी तोंडात येत्यात." भोवतालची पोरं हसली. बाई बडबडत गेली.

कोणता डबा, हे विचारायचं राहिलं. महेंद्रभाऊंनी सकाळीच सगळीकडं ग्रीस भरलं होतं. लोकांना खोड काढायला काहीतरी लागतंच.

आज यांची फार आठवण आली. गर्दीत जास्त येते, घरात कमी.

१७ मार्च

उंदराचं औषध आणलं. सासूबाई म्हणाल्या, नको, जीव आहे बिचाऱ्याला.

३० मार्च

पाडवा. आमच्याकडं गुढी उभारली नाही. पूनम येऊन पुरणपोळी देऊन गेली. तिला सहावा लागलाय. म्हणाली, "आई, ह्यांना पाळण्यात जीव वाटाया लागलाय. बाळालाबी ह्योच धंदा लावणार म्हणत्यात." मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. भीती कसली, ते कळलं नाही.

६ एप्रिल

लिहवत नाही, पण लिहून ठेवलं पाहिजे.

वढूच्या वाटेवरच्या एका गावची यात्रा. संध्याकाळी गर्दी दाटली. नवराबायकोची एक नवी जोडी बसली, मुलीच्या हातात हिरवा चुडा. मीच तिकीट दिलं. तिनं मला विचारलं, "काकू, भ्या वाटत न्हाई न्हवं?" मी म्हणाले, "आमच्या पाळण्यात न्हाई वाटत."

दोन-तीन फेरे झाले असतील. वरून किंकाळी आली. पाळण्यावर किंकाळ्या असतातच, कुणी वर बघितलं नाही. गाणं चालू होतं. मीही सुटे पैसे देत होते. मग चुड्याच्या फुटक्या काचा खिडकीवर पडल्या.

वर बघितलं तर एक डबा सरळ लटकत नव्हता. चाकाला चिकटल्यासारखा तिरका झाला होता. मुलगी अर्धी बाहेर, नवऱ्यानं तिची साडी आणि दंड धरलेला. मी ओरडले. महेंद्रभाऊंना ऐकू येणार नव्हतं आणि त्यांची नजर खाली, चढायला थांबलेल्या माणसांवर. मग माझा हात आपोआप वर गेला, हे करायचे तसा. त्यांनी तो हात बघितला आणि ब्रेक लावला.

संपतराव लोखंडावरून चढून गेले. वर जाताना त्यांनी स्वतःच्या हातानं स्पीकरची वायर उपटली. त्यांनी मुलीला कवळ घालून धरलं, महेंद्रभाऊंनी चाक हळूहळू खाली घेतलं.

मुलीचं मनगट मोडलं. बाकी वाचली. नाव ज्ञानेश्वरी. मी दवाखान्यात तिच्याबरोबर गेले. पोलीस आले, बघून गेले. तिचे सासरे म्हणाले, तक्रार करायची नाही, जीव वाचला. ते शिव्या देतील म्हणून मी उभी होते. त्यांनी एकही शिवी दिली नाही, ते जास्त लागलं.

७ एप्रिल

त्या डब्याच्या पिनेचा बुश, म्हणजे पिनेभोवतीची नळी, घट्ट धरून बसला होता. पिनेवर डबा झुलायला हवा, तो झुलेना, चाकाबरोबरच तिरका होत गेला आणि मग वजनानं एकदम सुटून परत अडकला. महेंद्रभाऊ बुश हातात घेऊन बसून राहिले. "वहिनी, मी ग्रीस भरलं होतं हो. आत गेलंच न्हाई. वरनं कसं कळावं?" संपतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सगळं उतरवून घरी आणलं. यांच्या पाळण्यावरून माणूस पडता पडता राहिलं. यांनी ठेवलेली एकच गोष्ट मला एक साल सांभाळता आली नाही.

८ एप्रिल

ज्ञानेश्वरीला बघायला गेले. नारळ आणि साडी नेली. तिची सासू दारातच म्हणाली, "आता काय वटी भराय आला व्हय?" पण आत घेतलं.

पोरगी माझ्याशी मोकळी बोलली. म्हणाली, "काकू, बाकीचं डबं हलत हुतं. आमचा पहिल्यापासनं गप. मी ह्यांना म्हणलं बी, बघा, आपला कसा शहाण्यासारखा बसलाय, हालत न्हाई का डुलत न्हाई. मला बरंच वाटलं. आन् मग एकदम."

पहिल्यापासून गप. येताना एसटीत तेच डोक्यात फिरत राहिलं. का, ते कळलं नाही.

९ एप्रिल

आमच्या गावचे, कवठ्याचे, यात्रेचे पंच मारुतराव आले होते. यात्रा तोंडावर आलीय. चप्पल न काढताच उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "चांगुणाबाई, लोकं विचारत्यात. म्हस्कूचा पाळणा लागणार का न्हाई? न्हाई लागला तर दुसऱ्याला जागा देतो. तुम्ही सांगाल तसं." मी म्हटलं, उद्या सांगते. मनात ठरलं होतं, नाही म्हणायचं, भंगारवाल्याला बोलवायचं.

जेवताना मी सासूबाईंना ज्ञानेश्वरीचं बोलणं सांगितलं. त्यांना दिसतं कमी, पण ऐकू चांगलं येतं. भाकरी मोडता मोडता त्या थांबल्या.

"गप व्हता म्हनली?"

"व्हय, आत्याबाई. पहिल्यापासनं."

"म्हस्कू असता तर त्याला कळलं असतं."

"कसं? ते तर डोळं मिटून बसायचे."

"मग? ल्हान व्हता तवाबी बाभळीखाली तसाच बसायचा. ह्याचा बा दगड मारायचा त्याला, मेंढरं राखतोस का झोपतोस. त्यो म्हणायचा, घंटी वाजती तवर मेंढरू चरतंय. गप झाली म्हंजी कुठंतरी अडकलंय. वाजती ती कुणालाबी ऐकू येती, आबा. गप झालेली ऐकाया डोळं मिटावं लागत्यात."

मी घास खाली ठेवला.

यांनी घंट्या हौसेनं बांधल्या नव्हत्या. गाणी आवडत नव्हती असंही नव्हतं. तो हात उगीच वर जात नव्हता. इतकी वर्षं मी तिकीट फाडत त्यांच्यासमोर बसले होते.

आणि त्या घंट्या कुणी काढल्या? मी. त्यांच्या दुःखात काढल्या.

१० एप्रिल

सकाळी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, घंट्या द्या."

"वरीस व्हऊ दे."

"वरीस व्हायच्या आधी यात्रा हाय."

"माझ्या पोराचं सुतक मोडायलीस व्हय गं? जनाची न्हाई तर मनाची ठेव."

मला राग आला. मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आज चढला. "सुतक न्हाई, त्यांची राखण मोडलीय आपण. तुम्ही आन् मी. त्या पोरीचा हात मोडलाय."

त्या पेटीपाशी जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मला त्यो आवाज सोसायचा न्हाई." आणि लगेच, "त्वांड काय बघतीस? पेटी उघड."

मुंडासं मी बांधलं होतं तेव्हा दुहेरी गाठ मारली होती. आता वेगळीच होती, सैल, म्हाताऱ्या हाताची. उंदराला गाठ मारता येत नाही, एवढं मला कळतं.

शिरूरहून मिस्त्री आणला. सगळे बुश बदलायला सांगितले, चांगले दिसत होते तेसुद्धा. संपतरावांना म्हणाले, "जावई, गाणी लावायची न्हाईत." ते म्हणाले, "मामी, मी स्पीकर परत दिला कालच." घंट्या त्यांनीच बांधल्या. एकेक बांधली की हातानं वाजवायचे आणि माझ्याकडं बघायचे. मारुतरावांना निरोप धाडला, पाळणा लागणार.

११ एप्रिल

पोत्यांत वाळू भरून डबे दिवसभर फिरवले. मी ठोकळ्यावर बसून ऐकलं. पहिल्यांदा नुसता कल्लोळ ऐकू आला. त्यातून एकही घंटी वेगळी निघेना. यांना जन्म लागला, मला एक दिवस पुरणार नाही. मग संपतराव एक घंटी फडक्यानं गुंडाळायचे, कोणती ते मला न सांगता, आणि मी ओळखायची. पुष्कळदा चुकले. संध्याकाळी चुकेनाशी झाले. तरी संपतरावांचा एक हात इशाऱ्याला तयार आणि महेंद्रभाऊंचे दोन डोळे वर राहतील असं ठरवलंय. नुसत्या माझ्या कानावर माणसं चढवायची नाहीत.

१२ एप्रिल

कवठ्याची यात्रा.

सुरुवातीला कुणी चढेना. लोक लांब उभे राहून बोलत होते. वढूकडची बातमी इथं आधीच पोचलेली. मारुतराव चढतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "मला चक्कर येती, चांगुणाबाई," आणि ते खरंही आहे. पहिला फेरा मीच घेतला. इतक्या वर्षांत मी कधी पाळण्यात बसले नव्हते. आधी वेळ नव्हता, नंतर विधवा बाई काय बसणार. वरून आमची वस्ती दिसली, चिंच दिसली, तिच्याखालची मोकळी जागा दिसली. घंट्या खालून वर येत होत्या. घाबरायला झालं नाही. रडायला झालं, पण तिथं वर कुणी नव्हतं.

उतरले तर रांग लागली होती, खिडकीवर पूनम बसली होती.

सासूबाई आल्या होत्या. पाळणा सुरू झाला तेव्हा पदराचं टोक तोंडात धरून बसल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "ऊन लागतंय डोळ्याला." ऊन केव्हाच मावळलं होतं. मी त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसले आणि मग ठोकळ्यावर गेले.

पाळण्याकडं पाठ केली. डोळे मिटले. आधी कल्लोळ, मग हळूहळू एकेक. मेंढरं वर चढत होती, उतरत होती, परत चढत होती. अंधार पडता पडता मला वाटलं, एक कमी आहे. खात्री नव्हती. मी हात वर केला. ब्रेक लागला. संपतरावांनी खालून एकेक डबा हलवून बघितला. एका घंटीची दोरी डब्याच्या कडीत अडकली होती, एवढंच. डबा मोकळा झुलत होता. त्यांनी दोरी सोडवली आणि ओरडले, "चालू द्या!" वर बसलेले वैतागले होते. खाली कुणीतरी म्हणालं, "उगंच थांबवलं."

परत डोळे मिटले. तिकिटाच्या रांगेतून एक बाई दुसरीला म्हणत होती, "अगं बघ की, मालकीण झोपली. माणसं वर टांगून खुशाल झोपली."

मी "हूं" म्हणाले.